नऊ हात कमी पडले

मित्रांनो, तुम्ही या खोलीत आलात तर मी तुम्हाला लगेच दिसणार नाही. माझ्यापुढे पांढरा पडदा सोडलेला असतो आणि त्यावर यंत्रातून चित्रे पडतात. पडदा गुंडाळला, की मागे मी आहे. मी जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयातला एक जुना फळा आहे. माझी चौकट उललेली आहे, एक कोपरा उडालेला आहे आणि स्वभाव, खरे सांगायचे तर, थोडा किरकिरा आहे.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. माणूस कामाला चोख. त्याने माझ्या पाठीला तीन आडव्या पट्ट्या ठोकल्या, पुढून रंग दिला आणि वाळल्यावर तळहाताने मला चाचपून पाहिले. "याच्यावर अक्षर घसरणार नाही," असे तो बायकोला म्हणाला. ती म्हणाली, "घसरलं तर मास्तरांचा हात वाईट म्हणायचा." दोघेही हसले.

पहिली बारा वर्षे मी एका शाळेत लहान मुलांच्या वर्गात होतो. ते दिवस आठवले, की अजून ऊर भरून येतो. मुले टाचा उंचावून माझ्यावर लिहायची. चुकले की बाहीने पुसायची आणि बाईंची बोलणी खायची. एखाद्याला एखादे अक्षर पहिल्यांदा जमले, की ते पोर जागेवर जायलाच तयार नसे, माझ्याकडे बघत उभे राही. पुढे शाळेत नवे फळे आले आणि माझी रवानगी या कार्यालयात झाली. मला वाटले, आपल्याला बढती मिळाली. आता साऱ्या जिल्ह्यातल्या मुलांचे भले माझ्यावर लिहिले जाणार.

इथे वर्षातून एकदा मोठी बैठक भरते. चाळीस शाळांमधून एकेक जण येतो, कुठून मुख्याध्यापक, कुठून शिक्षक. नव्या वर्षाची उद्दिष्टे ठरतात आणि शिक्षकांना कोणते प्रशिक्षण द्यायचे तेही ठरते. पहिल्या वर्षी माझ्यावर लिहिले गेले, 'प्रत्येक मूल वाचेल.' मला फार बरे वाटले. दुसऱ्या वर्षी तेच वाक्य आले. तिसऱ्या वर्षी लिपिकाने ते सरळ तेलरंगाने लिहून घेतले, म्हणजे दरवर्षी लिहिण्याचा त्रास नको. आता फक्त वरचे साल ओल्या फडक्याने पुसून खडूने नवे घालतात. त्या लिपिकाला सगळे रकानेभाऊ म्हणतात, कारण जगातली कुठलीही गोष्ट त्याला रकान्यात बसवता येते. माणूस वाईट नाही.

बैठकीच्या आधी प्रत्येक शाळेला एक कागद जातो. त्यावर प्रशिक्षणांची यादी असते आणि प्रत्येकापुढे दोन चौकोन, 'गरज आहे' आणि 'गरज नाही'. दहा शाळांनी 'आहे' म्हटले, की ते प्रशिक्षण होते. नियम इतका सोपा आहे. पण शाळाशाळांत कुणीतरी एक समजूत पसरवून दिली, की 'गरज आहे'वर खूण केली तर ती शाळेच्या फायलीला लागते. म्हणजे आपणच आपल्या हाताने लिहून द्यायचे, की आमची शाळा कच्ची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून सगळे 'गरज नाही'वर खूण करतात. मित्रांनो, ते कागद माझ्या शेजारच्या कपाटात असतात. रकानेभाऊ खुणा मोजतो, गठ्ठा बांधतो आणि कपाट लावून टाकतो. कुणाच्याही फायलीला काहीही लागत नाही. हे त्याला ठाऊक आहे, पण त्याला कुणी विचारले नाही. मला ठाऊक आहे, पण मला तोंड नाही.

आता एका वर्षाची गोष्ट सांगतो. टेकडीवरच्या शाळेतून एक बाई आल्या होत्या. चहाच्या सुट्टीत त्या माझ्याजवळ उभ्या राहिल्या. त्यांच्यासोबत एक वयस्क मुख्याध्यापक होते. बाई लहान असताना याच गुरुजींनी त्यांना शिकवले होते, त्यामुळे ते त्यांना अजून 'पोरी'च म्हणत.

"सर, माझ्या चौथीत अकरा मुलांना वाचता येत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "एकेक अक्षर ओळखतात, पण जोडता येत नाही. मोठ्या मुलांना पहिल्यापासून कसं शिकवायचं, ते मला कुणी शिकवलंच नाही. हे वर्ष संपलं की ती मोठ्या शाळेत जाणार. तिथं अक्षरं कोण शिकवतंय?"

गुरुजींनी इकडेतिकडे पाहिले. "तुझी अकरा ना? माझी तेवीस आहेत. कुणाला बोलू नकोस."

"मग यादीत ते वाचनाचं प्रशिक्षण आहे ना. शिकवणाऱ्या बाई पंधरा दिवस आपल्या वर्गात येऊन बसतात, करून दाखवतात. मी 'गरज आहे' लिहिलंय."

"लिहिलंस?" गुरुजींनी कप खाली ठेवला. "कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतेस, पोरी?"

ते दोघे गेले आणि दुसरे दोघे आले. त्यांच्या दोन शाळांत मिळून अशी नऊ मुले होती. मग एक जण आला, तो फोनवर बायकोला सांगत होता, की निम्म्या वर्गाला पाटी वाचता येत नाही आणि निकाल काय लावू. त्या अर्ध्या तासात मी सात शाळांचे खरे ऐकले. प्रत्येकाला वाटत होते, की हे आपल्याच घरचे दुखणे आहे. मोठमोठ्याने ओरडावे असे मला वाटत होते. पण ओरडायला मला तोंड कुठे आहे?

सुट्टी संपली. बैठक चालवणाऱ्या साहेबांनी खडू घेतला आणि प्रशिक्षणांची यादी माझ्यावर लिहिली. वाचनाच्या ओळीवर ते थांबले.

"याला फक्त एका शाळेची मागणी आहे," ते म्हणाले. "रकानेभाऊ, बरोबर मोजलंत ना?"

"तीनदा मोजलं, साहेब."

साहेबांनी कपाळ चोळले. "हे मला पटत नाही. कागद राहू द्या बाजूला. मी सरळ विचारतो. कुणाच्या शाळेत मोठ्या मुलांना वाचता येत नाही? हात वर करा. दहा झाले की मी आत्ताच्या आत्ता प्रशिक्षणाच्या बाईंना फोन लावतो."

टेकडीवरच्या बाईंनी हात वर केला. त्या उठून उभ्याही राहिल्या. "माझी अकरा आहेत, साहेब. याच वर्षात काही झालं तर होईल."

मी सगळ्यांकडे तोंड करून होतो, म्हणून मला सगळे दिसत होते. फोनवर बोलणारा पाणी पीत होता. नऊ मुलांचे ते दोघे एकमेकांकडे बघत होते, आधी तू कर म्हणून. बाई वळल्या आणि त्यांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी चष्मा पुसत होते. तो स्वच्छ होता, तरी पुसत होते. दुसरा एकही हात वर गेला नाही. साहेब थांबले, खरेच बराच वेळ थांबले.

"नियम दहाचा आहे, बाई," शेवटी ते म्हणाले. "एकासाठी नाही बोलावता येत."

त्यांनी फडके फिरवले आणि त्या जागी 'ऑनलाइन हजेरी भरण्याचे प्रशिक्षण, दोन दिवस' असे लिहिले. त्याला छत्तीस शाळांची मागणी होती. माझ्यावर आजवर हजारदा फडके फिरले, पण त्या दिवशीइतके कधी झोंबले नाही.

बैठक उठल्यावर गुरुजी बाईंपाशी आले. "रागावलीस? माझं निवृत्तीला एकच वर्ष राहिलंय गं. जाता जाता डाग नको."

बाई पिशवी आवरत होत्या. "नाही, सर. तुमची तेवीस आणि माझी अकरा. मी फक्त बेरीज करत होते."

पुढच्या वर्षी साल बदलले. प्रत्येक मूल वाचेल, हे तेलरंगात होतेच. चहाच्या सुट्टीत बाई पुन्हा माझ्याजवळ आल्या. बरोबर एक नवी शिक्षिका होती, तिची ही पहिलीच बैठक. तिने विचारले, "ताई, मागच्या बैठकीत तुम्ही उभ्या राहिलात असं ऐकलं. तुमच्या त्या अकरा मुलांचं काय झालं?"

"चौघांनी शाळा सोडली," बाई म्हणाल्या. "बाकीची मोठ्या शाळेत मागच्या बाकावर बसतात. एकीची आई परवा मला रस्त्यात भेटली. म्हणाली, चार वर्षं तुमच्याकडे होती, तुम्ही काय केलंत?"

"माझ्याकडे सात आहेत तशी. मी सांगू का बैठकीत?"

बाईंनी चहा तसाच ठेवला आणि त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

साहेबांनी याही वर्षी विचारले. त्या बिचाऱ्याची एवढी एक गोष्ट मी मानतो. नव्या शिक्षिकेने झटकन हात वर केला आणि खात्रीने शेजारी बाईंकडे पाहिले. बाई पिशवीत वाकून पेन शोधत होत्या. पेन त्यांच्या दुसऱ्या हातात होते.

मित्रांनो, आता या खोलीत काही बदलेल, अशी आशा मी सोडून दिली आहे. मोठ्या माणसांना सांगून उपयोग नाही, ती मला वाचतच नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या वर्गात एखादा एकटा उठून "मला येत नाही" म्हणाला आणि तुम्हालाही येत नसेल, तर त्याला एकटा ठेवू नका. लगेच हात वर करा. नंतर मधल्या सुट्टीत त्याच्या कानात सांगून काही होत नाही. उभे राहिलेले माणूस फार वेळ उभे राहत नाही. एकदा ते खाली बसले, की पुढच्या वर्षी तेही तुमच्यासारखेच पेन शोधायला लागते.