नेलपॉलिशचे दोन ठिपके

कुसुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी ज्योतीरामने चाकणच्या आपल्या गॅरेजचं शटर वर केलं. बायको गेली, पण या गड्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. पिंपळे गुरवहून आलेली मेव्हणी म्हणाली, दाजी, रडून घ्या, मोकळं वाटेल. आता रडायला आधी काही वाटावं तरी लागतं ना! याला भुकेचंही कळत नव्हतं. ताट पुढं आलं की जेवायचा.

नेहमीच्या गिऱ्हाइकाची, साहेबरावांची गाडी उभी होती. इंजिनातली टायमिंग चेन खडखडत होती. ती आणि तिची दातेरी चाकं बदलायची होती. त्यांना उद्या गाडी घेऊन लेकीकडे साताऱ्याला जायचं होतं.

ज्योतीरामने कव्हर उघडलं, चेन ताणून धरणारा टेन्शनर सैल केला. चेन काढण्याआधी तिच्यावर एक आणि चाकाच्या दातावर एक ठिपका द्यायचा, म्हणजे नवी चेन त्याच जागी बसते. एक दात चुकला तर इंजिनाचं वाटोळं. चाळिशी लागल्यापासून ज्योतीरामला जवळचं दिसेना, आणि चष्मा लावेल तर शपथ! म्हणून ठिपके कुसुम द्यायची, आपल्या लाल नेलपॉलिशने. ती मागच्या खोलीतून पदराला हात पुसत यायची, हा हात बाजूला घ्यायचा.

आजही त्याने हात बाजूला घेतला. दोन ठिपक्यांना लागतो तेवढा वेळ थांबला. मग चेन काढली, चाकं काढली, ट्रेमध्ये ठेवली.

नवी चेन घेऊन जुनीवरचा ठिपका शोधायला लागला, तर कुठला ठिपका! उजेडात नेऊन त्याने कडी न कडी पाहिली. सगळी चेन काळीच होती.

त्याने साहेबरावांना फोन लावला, गाडी उद्या मिळायची नाही म्हणाला. ते दहाव्याला येऊन गेले होते, तरी सवयीने विचारलंच, का रे, काय झालं?

"ठिपके राहिले," ज्योतीराम म्हणाला. "ठिपके कुसुम द्यायची. ती नाहीये आता."

इतक्या दिवसांत हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. पलीकडून साहेबराव म्हणाले, "असू दे राव. मी एसटीने जातो."

ज्योतीरामने फडताळातून नेलपॉलिशची बाटली आणली. झाकण तिनेच लावलेलं होतं. ते उघडत नव्हतं असं नाही, त्याच्याने उघडवेना. बाटली मुठीत धरून तो गाडीशेजारी फरशीवर बसला, आणि मग मात्र त्याला रडू आवरेना.