आत्याची पाठ

माझा भाऊ धर्माजी आवास गावाला जरबाईच्या बंगल्यावर माळी हाय. जरबाई पारशीण, मुंबईची. दिवाळी झाली की रेवसच्या लाँचनं यायची, महिनाभर राहायची. महाराष्ट्र झाला त्या साली तिनं येताना कुंडीतनं एक झाड आणलं. पानं कर्दळीसारखी, दांडा माणसाच्या उंचीचा. धर्मानं ते हौदात लावलं. ज्या सकाळी त्याला जांभळा तुरा आला, त्याच सकाळी माझ्या भावजयीला, गोदूला, मुलगी झाली.

बाई खूश. धर्माला म्हणाली, "या फुलाचा नाव थालिया. ग्रीक लोकांची एक हसरी देवी होती, तिचा पण हाच नाव. तुझ्या डीकरीला पण हेच ठेव."

आन माझा भाऊ मान डोलावून घरी आला. मला विचारलं न्हाय की सांगितलं न्हाय.

आता ऐका. पोरीचं नाव ठेवायचा मान आत्याचा. बारशाला आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते, आन बाया तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. मला मूल न्हाय, दुसरा भाऊ न्हाय. हे धपाटे खायची माझी जन्मातली ही एकच वेळ. नावसुद्धा ठरलेलं, रंगू, आमच्या आईचं. आई गेली तेव्हा धर्मानंच तसा शब्द दिला होता.

"तू शब्द दिलेला, धर्मा," मी म्हटलं.

"नीराताई, बाईंच्या जागेत राहतो आम्ही. त्यांचं मन कसं मोडू?"

गोदू तर हवेतच. शेजारणीला सांगत होती, असलं नाव आख्ख्या आवासात कुणाचं न्हाय म्हणून. माझा जीव जळत होता. हौदाकडे गेले, वाटलं उपटून टाकावं ते झाड. पण त्या मेल्याचा काय दोष, आपलं पाणी पीत उभं होतं. तशीच परत आले.

बारशाच्या दिवशी मी पदर खोचून पाळण्यापाशी बसले. तेवढ्यात बाई अंगठ्यांनी भरलेल्या हातात चांदीचा खुळखुळा घेऊन आली, माझ्या बाजूनं पुढं झाली आन पाळण्यावर वाकली. पोरीच्या कानात 'थालिया' म्हणाली, आन तशीच वाकून राहिली.

नाव ठेवणारीला मार बसतो, हे तिला कुणीतरी सांगितलेलं. बाई माराची वाट बघत होती.

पण मारणार कोण? बंगलेवालीच्या पाठीला हात लावायची कुणाची छाती? बाया एकमेकींची तोंडं बघत राहिल्या. शेजारची ठमाबाई उगाच घुगऱ्यांचं ताट सारखं करत बसली. बाई वाकलेलीच. मला तिची ती पाठ दिसत होती आन सारखं वाटत होतं, तो मार माझा हाय. माझा मान घेतला, आता माझा मारही हिलाच पायजे. तळपायाची आग मस्तकात गेली. मी हात उचलला आन असा धपाटा घातला की पाळणा हलला.

धर्माचा चेहरा पांढराफटक. नोकरी गेली, घर गेलं, हेच त्याच्या तोंडावर लिहिलेलं.

बाई सरळ झाली. डोळ्यांत पाणी. "आमच्यात पण फोईच, म्हणजे आत्याच, नाव ठेवते," ती म्हणाली. "मला तीन भाऊ. सगळ्यांना पोरं झाली. मी परजातीत लग्न केला म्हणून एकानं पण बोलावला नाय." मंग पाठ चोळत हसली. "तुझा हात लई जड आहे, नीरा."

मला तिची दया आली असं कुणी समजू नका. मी म्हटलं, "आत्या मी हाय, बाई. सरका." ती सरकली. मी वाकले, पोरीच्या कानात 'रंगू' म्हटलं. पोर टकामका बघत होती. मंग ते दुसरं नावही म्हटलं, जमेल तसं. धपाटे पडायला लागले. त्यातला एक फार जोराचा होता, आन अंगठ्या रुतल्या त्यावरनं कळलं कुणाचा ते.

पोर आता पाच वर्षांची हाय. गावाला थालिया, मला रंगू, दोन्हीला ओ देते. दिवाळीनंतर बाई येते, फाटकातनं "थालिया" म्हणून हाक मारते, आन माझ्या मांडीवरची पोर जी सुटते ती मागं वळून बघत न्हाय. माझ्या पोटात अजून तसंच दुखतं. मी पाठोपाठ जाते. गळ्यात पडलेली पोर घेऊन बाई माझ्याकडे बघते. मंग तिला खाली उतरवते आन माझ्याकडे पाठ करून वाकते.

मी पण हात राखून मारत न्हाय.