पाठीवरची शिवण

राजेश्वरीच्या कपाटात अकरा ड्रेस होते आणि त्यातले नऊ मातीच्या रंगाचे होते. सगळे ढगळ, आणि प्रत्येकासोबत एक जाड ओढणी. यातला एकही तिनं स्वतः निवडलेला नव्हता. निवडायची तिची आई, शालूबाई, आणि शालूबाईंची दुकानात एकच अट असायची. पाठ दिसता कामा नये.

राजेश्वरीचा मणका लहानपणापासून उजवीकडे वळलेला होता. नऊ वर्षांची असताना ते लक्षात आलं. तेव्हा शालूबाईंनी उसातलं तण काढायचं काम, भांगलण, अर्ध्यावर टाकून तिला एसटीनं मिरजेला दवाखान्यात नेलं होतं, आणि पुढची तीन वर्षं नेत राहिल्या होत्या. मांडीवर डबा, हातात फाईल, खिडकीशी पाठीला पट्टा बांधलेली लेक. मणका पुढं वळायचा थांबला, दुखणंही गेलं. मात्र डावा खांदा खाली राहिला आणि पाठीच्या उजव्या बाजूला उंचवटा राहून गेला. एकदा गावच्या जत्रेत कुणीतरी बाई म्हणाली, "शालू, पोरगीला असं उघडं घिऊन फिरू नगंस. उद्या कोण करंल तिला?" त्या दिवसापासून राजेश्वरीच्या अंगावर ओढणी आली ती आलीच.

आता ती तेहतीस वर्षांची होती आणि कराडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होती. बोनाफाईडसाठी खिडकीशी येणाऱ्या मुलींच्या कॉलरी, बाह्या, गळे ती निरखून बघायची. रद्दीतल्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं बाह्या काढायची. शेजारच्या टेबलावरची मंगल कुठल्याही कार्यक्रमाआधी साडीचा फोटो दाखवून विचारायची, "राजू, यावर ब्लाऊज कुठला घालू?" राजेश्वरी सांगेल तो रंग मंगलवर खुलून दिसायचा. "तू स्वतः का गं असं काही घालत नाहीस?" असं मंगलनं एकदा विचारलं होतं. राजेश्वरी हसली होती आणि स्टेपलर शोधायला लागली होती.

धाकट्या भावाचं, विश्वजीतचं लग्न ठरलं. तो फौजेत, मुलगी सांगलीची, नाव पूजा. साखरपुडा सांगलीत, सव्वादोन महिन्यांनी. शालूबाई राजेश्वरीला घेऊन कराडच्या एका मोठ्या दुकानात गेल्या. तिथं राजेश्वरीनं हळूच एक फिकट जांभळा कुर्ता उचलला आणि घालून बाहेर आली. कुर्ता उजवीकडे वर ओढला गेला होता, डावीकडे पिशवीसारखा लोंबत होता. दुकानातल्या मुलीनं नजर खाली घातली आणि राजेश्वरीला न विचारता शालूबाईंना विचारलं, "मावशी, यांना फ्री साइज दाखवू का?"

"व्हय, त्येच दाव," शालूबाई सुटका झाल्यासारख्या म्हणाल्या. "आन् रंग जरा मळखाऊ बघ."

घरी येताना त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "राजू, तिथं तू बायकांत आतल्या बाजूला बस. फोटूला मागं ऱ्हा. पोराचं नवं नातं जुळतंय. कुणाच्या तोंडाला इषय नको."

"बरं," राजेश्वरी म्हणाली. ती नेहमीच बरं म्हणायची. पण पिशवीत तपकिरी ड्रेसच्या खाली तो जांभळा कुर्ताही होता. तिनं आईच्या नकळत घेतला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती मलकापुरात जोतीराममामांकडे गेली. जोतीराम पलटणीतले शिंपी, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. सव्वीस वर्षं जवानांच्या वर्द्या शिवून पेन्शनीवर आले होते आणि घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून द्यायचे. वय अडुसष्ट, पण बाहेर दिसायचे ते कडक इस्त्रीच्या शर्टात, वर स्वतः शिवलेलं जाकीट, खिशात त्याच रंगाचा रुमाल. बाजारात लोक हसायचे, त्याचं त्यांना काही नव्हतं.

राजेश्वरीनं कुर्ता पुढं केला. "मामा, एवढा जरा नीट करून द्याल का?"

जोतीरामनी कुर्ता उलटसुलट करून पाहिला, मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ह्याच्यात मी काय दुरुस्त करू? कापड चांगलं हाय, शिलाई चांगली हाय. ह्यो तुमच्यासाठी केलेलाच न्हाई."

"माझंच अंग वाकडं आहे, मामा. कुर्त्याचा काय दोष."

"कुणी सांगितलं असं? ह्यो कापायचा फर्मा कारखान्यात एकाच पुतळ्यावर बेतत्यात आन् हजारांनी काढत्यात. त्यो तुमाला बसला न्हाई, तर चूक फर्म्याची. अंगाची चूक कशी हुईल?"

राजेश्वरीनं कुर्ता पुन्हा हातात घेतला. आजवर दुकानांतून बाहेर पडताना प्रत्येक वेळी ती मनातल्या मनात कपड्यांची माफी मागत आली होती.

"मग तुम्ही शिवून द्याल?"

"मी आता नवं शिवत न्हाई. डोळं ऱ्हायलं न्हाईत. पण शिकवीन." त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "आवं, टेप घिऊन या जरा."

त्यांच्या पत्नी, सुलाबाई, पदराला हात पुसत आल्या. बायकांची मापं त्याच घ्यायच्या आणि जोतीराम पाठमोरे बसून वहीत उतरवून घ्यायचे. सुलाबाईंनी दार लोटलं, राजेश्वरीची ओढणी काढून खुंटीला अडकवली आणि कामाला लागल्या. "डावा खांदा साडेचार. उजवा सव्वापाच. पाठ डावी चौदा. पाठ उजवी साडेपंधरा." भाजीचा दर सांगावा तशा सहज आवाजात त्या आकडे सांगत होत्या. राजेश्वरी ताठ उभी होती. दवाखाना सोडला तर तिच्या पाठीला इतक्या सरळपणे कुणी हात लावला नव्हता. तिचे डोळे भरून आले. सुलाबाईंनी ते पाहिलं, पण काही न विचारता दंडाचं माप घ्यायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून ती रोज तासभर जाऊ लागली. आधी सरळ शिलाई, मग वळणं, मग काज. सुई कितीदा तरी बोटात गेली, दोरा गुंतून बसला, बाही उलटी जोडली गेली. "उसवा," जोतीराम शांतपणे म्हणायचे. "उसवायची लाज वाटली त्यो शिंपी झाला न्हाई." मग तिनं कागद कापले, डाव्या बाजूचे वेगळे, उजव्या बाजूचे वेगळे. त्यावरून मांजरपाटाचा कच्चा ब्लाऊज शिवला. तिसऱ्या खेपेला तो पाठीवर असा बसला की तिनं हात वर करून पाहिले, वाकून पाहिलं, खुर्चीवर बसून पाहिलं. कुठं ओढलं नाही, कुठं लोंबलं नाही. आपल्या अंगाला कापड असं नुसतं टेकून राहू शकतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. त्या आनंदात ती मांजरपाटाचा ब्लाऊज घालूनच सुलाबाईंनी केलेला चहा प्याली.

मग ती खणाच्या दुकानात गेली आणि गुलबक्षी रंगाचा खण घेतला. साखरपुड्याला ती साडी नेसणार होती. गडद निळी साडी आणि हा ब्लाऊज, उभी कॉलर, कोपरापर्यंत बाही.

कापण्याआधी जोतीरामनी विचारलं, "पोरी, एक सांग. डाव्या खांद्याला आतनं पॅड लावता येतं. निम्म्यानं झाकंल. लावायचं का?"

राजेश्वरीनं डाव्या खांद्यावरून हात फिरवला. "मामा, तुम्ही काय केलं असतं?"

"मी सांगणार न्हाई. अंग तुजं हाय." मग ते म्हणाले, "आमच्या युनिटात एक नाईक हुद्द्याचा जवान होता. स्फोटात डावा हात कोपरापासनं गेला. वर्दीची रिकामी बाही दुमडून पिना टोचून यायचा. मी म्हणलं, साहेब, ही वर्दी माज्याकडं सोडा. त्याच्या हाताएवढी बाही कापली, खाली बंद केली, कडक प्रेस केली. त्यानं घातली, आरशात बघितलं आन् म्हणला, 'मास्टर, आता घरी पाठवायला फोटो काढतो.' वरीसभर त्यानं घरी फोटो धाडला नव्हता. आता तुज्या मनाला पॅड बरं वाटत आसंल तर लाव. त्यात कमीपणा न्हाई. फकस्त दुसऱ्याच्या भ्यानं लावू नगंस."

"नको पॅड," राजेश्वरी म्हणाली. आणि तिनं पाठीचे दोन भाग अशा बेतानं कापले की मधली शिवण तिच्या मणक्याबरोबर वळत खाली जाईल. त्या शिवणीवर तिनं बारीक निळी दोरी लावली. अशी पाठ तिनं ना मासिकात पाहिली होती, ना मोबाईलवर. ती तिची एकटीची होती.

साखरपुड्याच्या सकाळी ती तयार होऊन बाहेर आली तेव्हा शालूबाई पाटावर नारळ मांडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. हातातला नारळ तसाच राहिला. दुसऱ्या क्षणी त्या उठल्या, आतून शाल आणली आणि लेकीच्या खांद्यावर टाकली.

राजेश्वरीनं शाल काढली, नीट घडी केली आणि आईच्या हातात ठेवली. "आई, मी हे स्वतः शिवलंय. झाकायला नाही शिवलं."

"राजू, आज नको गं. आजचा दिस तरी."

"आजच, आई."

विश्वजीत गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता. "आक्का, पुढच्या सीटवर बस. साडी चुरगळंल मागं," एवढंच तो म्हणाला.  कराडपासून सांगलीपर्यंत शालूबाई मांडीवरची शाल सारखी चाचपत होत्या.

हॉलमध्ये व्हायचं तेच झालं. पूजाची मोठी आत्या, भामाबाई, ओटीचं ताट घेऊन आल्या आणि राजेश्वरीच्या पाठीकडे बघत थांबल्या. "हिच्या पाठीला काय झालंय वं?" त्यांनी सगळ्यांसमोर शालूबाईंनाच विचारलं. शालूबाईंचा हात शालीकडे गेला. गेली वीसएक वर्षं याच प्रश्नाच्या भीतीनं त्यांनी ओढण्या विकत घेतल्या होत्या.

राजेश्वरीच वळली. "आत्या, माझा मणका लहानपणापासून वळलेला आहे. आईनं तीन वर्षं मिरजेला नेऊन उपचार केले, म्हणून मी आज सरळ चालते. आता काही त्रास नाही."

"आसं व्हय," भामाबाई म्हणाल्या. "आमच्या दिराच्या पोराचंबी तसंच हाय. नववीत हाय. कुणात मिसळतच न्हाई ते पोरगं." मग त्या म्हणाल्या, "तू एकदा बोलशील त्याच्याशी?"

"बोलेन की. नंबर द्या मला."

मग भामाबाईंनी शालूबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली आणि पुढच्या बाईकडे वळल्या. मागं कुणी कुजबुजलं नाही, कुणी उठून गेलं नाही. फोटोग्राफरनं घरच्यांना बोलावलं तेव्हा राजेश्वरी पुढच्या रांगेत भावाच्या शेजारी उभी राहिली. शालूबाई बघत राहिल्या. वीसएक वर्षं उराशी बाळगलेली भीती, आणि तिचं उत्तर एवढंसं होतं.

आठ दिवस गेले. एका रविवारी राजेश्वरी मशीनवर बसली होती. आता घरी तिचं स्वतःचं मशीन आलं होतं. शालूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हातात हिरव्या खणाचा तुकडा होता.

"इशूच्या लग्नाला मला बी एक शिव," त्या खाली बघत म्हणाल्या. "मला कधी बसतच न्हाई कुठला ब्लाऊज नीट. सारखा खांद्यावरनं उतरतो."

राजेश्वरीनं टेप घेतला. आईला उजेडात उभं केलं आणि सुलाबाईंनी शिकवलं होतं तसं एकेक माप घेऊ लागली. उजव्या खांद्याशी तिचा हात थांबला. तिनं पुन्हा मोजलं.

"आई, तुझा उजवा खांदा पाऊण इंच खाली आहे."

"काय सांगतीस? कवापासनं?"

"काय माहीत. कुणी मोजलंच नव्हतं."

शालूबाई वळल्या आणि त्यांनी लेकीची पाठ धरली, उजव्या बाजूचा तो उंचवटा, जो त्यांनी पट्टा सुटल्यापासून हातानं शिवला नव्हता. "मी तुला झाकत ऱ्हायले," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं मी तुला जपती."

"जपलंसच की, आई. तू त्या एसटीत बसली नसतीस तर मी आज उभी राहिले नसते. तेवढं मी विसरणार नाही. फक्त आता ओढणी मी निवडणार."

वाचकहो, आपल्यातल्या किती घरांत असं एखादं माणूस ढगळ कपड्यांत मागच्या रांगेत उभं आहे. कुणी जाड आहे, कुणी काळं आहे, कुणी वयानं मोठं, कुणी अंगानं वेगळं. "तुला कशाला हवी फॅशन?" असं आपण त्यांना सहज म्हणून जातो आणि वर त्याला काळजीचं नाव देतो. नटायची हौस हा काही थोड्या सुबक अंगांना मिळालेला परवाना नाही. आपल्या देहाला आपल्या हातानं मोजावं, त्याला शोभेल ते कापड निवडावं, चुकलं तर उसवून पुन्हा शिवावं, यात देहाबद्दलची कृतज्ञता आहे. ज्याला लपायला शिकवलं, त्याच्या हातात एकदा टेप आणि कात्री देऊन पाहा. आणि ते तयार होऊन बाहेर आलं की शाल आणायला आत जाऊ नका.

शालूबाईंचा ब्लाऊज लग्नाच्या चार दिवस आधी शिवून झाला. त्यांनी तो घातला, आरशासमोर उभ्या राहिल्या, खांदे हलवून पाहिले. उतरला नाही. मग त्या लेकीला म्हणाल्या, "तू सांगतीस त्या जोतीरामला आन् सुलाबाईला लग्नाचं बोलावणं केलंस का न्हाई? चल, आपुन दोघी जाऊन यिऊ. मला त्यांच्या पाया पडायचंय."