सम नंबरची घरं

"...आणि या बाईंनी सख्ख्या बहिणीच्या घरातसुद्धा ते वाक्य बदललं नाही!" सरांनी फळ्याकडून वळून हात पसरला, तशा वर्गातल्या पंधरा माना मागच्या खुर्चीकडे वळल्या. "माहिती स्वच्छ ठेवणं म्हणजे काय, ते यांच्याकडून शिका."

मागच्या खुर्चीवरची फॉर्मवाली अवघडून अर्धी उठली आणि परत बसली. कॅन्सर कसा टाळता येईल, यावर संशोधन करायला शिकणाऱ्या पोरापोरींचा हा वर्ग दरवर्षी भरे, आणि दरवर्षी सर तिची ही गोष्ट सांगत. आधी तिला ती ऐकताना गुदगुल्या व्हायच्या.

सरांच्या ज्या अभ्यासासाठी ती घरोघर फॉर्म भरायची, तो तसा सोपा होता. कॉलनीतल्या रस्त्याला एका बाजूला विषम नंबरची घरं, समोर सम नंबरची. विषम घरांतल्या बायकांची गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची. सम घरांत वर्षातून एकदा जाऊन नुसते प्रश्न विचारायचे. बारा वर्षांनी मोजायचं, कुठल्या बाजूच्या किती बायका गेल्या. तपासणी कुठल्या बाजूची, हे कॉम्प्युटरने ठरवलं होतं. फॉर्मवालीच्या वाट्याला सम बाजू आली, आणि तिथंच चौदा नंबरात तिची थोरली बहीण राहत होती.

सम बाजूच्या बाईने "आम्हीही तपासून घ्यावं का?" असं विचारलं, तर उत्तर पाठ करून घेतलेलं होतं: "त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा." त्यापुढे अळीमिळी गुपचिळी. सगळ्यांनीच तपासून घेतलं तर मोजणार काय?

तिसऱ्या वर्षी ताईने विचारलं होतं. "समोरच्या तेरा नंबरवालीला म्हणे काहीतरी सापडलं. तिथल्या तिथे जाळून टाकलं, पाच मिनिटांत. दुसऱ्या दिवशी बया कपडे वाळत घालत होती! मीही करून घेऊ का गं?"

फॉर्मवालीने वाक्य म्हटलं.

"अगं, माझी डॉक्टर म्हणजे तूच की!" ताई खो खो हसली. फॉर्मवालीही हसली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. तिचं शिक्षण दहावी. आयुष्यात कुणीतरी 'तुझं काम चोख आहे' म्हटलेली ही पहिली नोकरी. बहिणीशी बोलायला काय, उभा जन्म पडला होता.

"मॅडम," पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "तुमच्या बहीण आता कशा आहेत?"

सरांनी घड्याळ बघितलं. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे चौदा नंबर म्हणजे नुसता आकडा जात असे.

"आज फॉर्म भरायचाय त्यांचा," फॉर्मवाली म्हणाली. "बाराव्या वर्षाचा."

दुपारी ती चौदा नंबरात पोचली. ताई खिडकीपाशी पलंगावर होती. गेल्या वर्षी अंगावरून रक्त जायला लागलं, तोवर दुखणं पार पसरलं होतं. आता तिच्या मनगटात बांगडी राहत नव्हती. वर कोपरापर्यंत ढकलून ठेवलेली.

"आलीस? काढ तुझं बाड."

"राहू दे आज, ताई."

"का? माझ्यावाचून तुझा हिशेब अडेल ना. विचार."

तिने विचारलं. वय. मुलं किती. तंबाखू. ताई शाळेतल्यासारखी उत्तरं देत होती, मध्येच डोळे मिटत होती. शेवटचा प्रश्न आला.

"काही त्रास नसताना कधी तपासणी करून घेतली होती?"

"नाही."

फॉर्मवालीने बाराव्यांदा 'नाही'वर खूण केली.

"का नाही केली, असा प्रश्न नाही त्यात?"

"नाही."

"बारा वर्षं, एवढे शिकलेले लोक, आणि कुणाला सुचलं नाही होय?"

खिडकीतून समोरचं अंगण दिसत होतं. तेरा नंबरवाली दोरीवर चादर पसरत होती. आता चांगली गोलमटोल झाली होती. तिने इकडे बघून हात हलवला. ताईनेही बोटं उचलली.

"ताई." फॉर्मवालीने पेन खाली ठेवलं. "तुझा राग आहे का गं माझ्यावर?"

ताई मान वळवून, अगदी फॉर्मवालीच्या नोकरीच्या आवाजात, शब्द सुटे सुटे करत म्हणाली,

"त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा."

आणि हसायला गेली. हसू निम्म्यातच कळ होऊन आलं. फॉर्मवालीने तिला टेकू दिला, पाण्याचा पेला ओठांना लावला, पाठीवरून हात फिरवला. एवढीशी पाठ! ताईने तिचा हात झिडकारला नाही. धरलाही नाही.

समोरच्या दोरीवरची चादर वाळली, तेरा नंबरवालीने ती घडी करून आत नेली. ताईला डोळा लागला होता. फॉर्मवालीने हळूच फॉर्म मांडीवर घेतला. एकच रकाना भरायचा राहिला होता: मुलाखतीला लागलेला वेळ, मिनिटांत.

दर वर्षी लिहायची तेच तिने लिहिलं. वीस.