सोवळ्यावरची काजळी

त्या हिवाळ्यात आमच्या अण्णांच्या, म्हणजे नरसिंहरावांच्या, छातीत पहिली कळ आली. डॉक्टर भगवंतरावांनी जिभेखाली ठेवण्याच्या गोळ्या दिल्या आणि रोज मैलभर सावकाश चालावयास सांगितले. कळा थांबल्या नाहीत, तर मात्र महिनाभर खाटेवर पडून राहावे लागेल, असेही बजावले. अण्णा निवृत्त तारमास्तर. उभ्या आयुष्यात आजारी म्हणून आडवे झालेले नव्हते. खाटेचे नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला.

तेव्हा मी, त्यांचा धाकटा भाऊ हयवदन, पुढे सरसावलो. तंत्रविद्यालयात पंचवीस वर्षे यंत्ररचना शिकविल्यामुळे कोणत्याही कामाचे वेळापत्रक आखल्याविना मला राहवत नाही. धनुर्मास चालू होता. अण्णांची पूजा सूर्योदयापूर्वी आटोपलीच पाहिजे. म्हणून फिरणे पहाटे पाचला, परतल्यावर स्नान, मग पूजा, असा क्रम मी ठरविला. पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, हे मी तपासून न पाहताच गृहीत धरले होते.

मल्लेश्वरममधील आमच्या घरापासून सँकी तळ्यापर्यंत मी नोंदवही घेऊन अण्णांबरोबर चालत असे. तीन आठवड्यांत अकरा दिवस ते वाटेत छाती धरून थांबले. रस्त्याचा चढ, आदल्या दिवशीचे जेवण, झोपेचे तास, यांपैकी कशाशीही त्या अकरा दिवसांचा मेळ बसेना.

"यंत्र जुनं आहे रे," अण्णा कठड्यावर बसून म्हणाले, "आणि कारागीर हट्टी."

बाराव्या वेळी दोन गोळ्या लागल्या. घरी पोहोचलो तेव्हा अनुसूयावहिनी अंगणात काठीने उंच दांडीवरचे सोवळे उतरवीत होत्या. आदल्या दिवशी धुतलेल्या त्या धोतरावर काळे ठिपके पडले होते. ते पुन्हा पिळावे लागणार म्हणून त्या बडबडत होत्या.

असे नेहमी होते का, असे मी विचारले. रोज नाही, त्या म्हणाल्या. आणि तारखा नव्हे, तर तिथी सांगू लागल्या. वैकुंठ एकादशी, त्यानंतरची द्वादशी, अमावास्येचा दुसरा दिवस. असे नऊ दिवस त्यांना आठवले. मी पंचांग काढून त्यांच्या तारखा केल्या आणि नोंदवहीशी ताडून पाहिल्या. नऊपैकी आठ दिवस अण्णा वाटेत थांबले होते.

दुसऱ्या दिवशी अण्णांना घरी ठेवून मी पाच वाजता गच्चीवर गेलो. वारा अजिबात नव्हता. धनुर्मासाच्या स्नानासाठी घरोघरी बंब पेटले होते आणि त्यांचा धूर वर न जाता नारळाच्या झाडांच्या कमरेशी सपाट पसरला होता. खाली बसगाड्यांचा आणि गिरणीच्या धुराड्याचा धूर त्यात मिसळत होता. आमच्या न्हाणीघरातूनही नारळाच्या सोडणांच्या धुराचा दाट लोट निघत होता. अण्णांना परतताच कढत पाणी मिळावे म्हणून वहिनी साडेचारलाच बंब पेटवीत. नऊच्या सुमारास ऊन तापले आणि तो थर विरला.

सारे ऐकून भगवंतराव गंभीर झाले. लंडनमध्ये काही वर्षांपूर्वी धुके आणि धूर चार-पाच दिवस कोंडून राहिले, तेव्हा फुप्फुसांच्या रोग्यांबरोबर हृदयाचे रोगीही दगावले, असे त्यांनी वाचले होते. एका माणसाच्या नोंदींवरून सिद्धांत होत नाही, पण वेळ बदलून पाहण्यास हरकत नव्हती.

हरकत अण्णांची होती. नऊला फिरायचे, म्हणजे स्नान दहाला आणि पूजा त्याहून उशिरा. स्नान आधी उरकावे, तर पहाटेचा बंब आणि त्याचा धूर घरात आलाच. धनुर्मासात चाळीस वर्षे असे घडले नव्हते. त्यापेक्षा खाट बरी, असे म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसले. नोंदवहीवरून काढलेला आलेख मी त्यांच्यापुढे उघडला. त्यांनी पाहिलाही नाही.

वहिनींनी हातातले, पुन्हा ठिपके पडलेले सोवळे त्यांच्यासमोर धरले. "हे मी पुन्हा धुऊ शकते. तुमच्या आत बसलेलं कोण धुणार?" मग जरा थांबून म्हणाल्या, "धनुर्मास दर वर्षी येतो. मला तुम्ही दर वर्षी हवे आहात."

अण्णांनी भिंतीकडचे तोंड वळविले. त्यांनी इतकेच विचारले, की तोवर कॉफी मिळेल ना.

दुसऱ्या दिवशी बंब पेटला नाही. वहिनींनी तांब्याच्या घागरी भरून उन्हात ठेवल्या. आम्ही नऊला निघालो. नेहमीच्या कठड्यापाशी मी सवयीने थांबलो, घड्याळ काढले, गोळ्यांची डबी चाचपली. अण्णा पुढे निघून गेले होते.

मी त्यांना तळ्याच्या काठी गाठले. ते पाण्याकडे पाहत उभे होते. श्वास संथ होता. नाडी पाहण्यासाठी मी हात पुढे केला, तो त्यांनी आपल्या हातात धरून ठेवला.

"घरी गेल्यावर तिला सांग," ते म्हणाले, "पाणी स्वल्प कोमट असलं तरी सरी, चालेल मला."