नंतरचं बटण

“आई, फोनवर मध्येच काहीही उगवलं ना, तर खालचं ‘नंतर’ दाबायचं. दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही.”

मुलाचं हे सांगणं आजीने नेमासारखं पाळलं होतं. तीन आठवडे, रोज सकाळी, चष्मा पुसून तिने ‘नंतर’ दाबलं होतं. आणि आज दुपारी फोनवर नातीचा आकडाच नव्हता. एरवी तिथे नऊ वर्षांच्या पोरीच्या रक्तातली साखर दिसायची, दर पाच मिनिटांनी ताजी; घसरली की फोन कोकलायचा. आता पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ होती. ‘ॲपची ही जुनी आवृत्ती बंद झाली आहे.’

नात सोफ्यावर झोपली होती. साखर मोजणारी नाण्याएवढी चकती दंडाला जागच्या जागी चिकटलेली. आजीने बोटाने चाचपून पाहिली. चकती शाबूत, फोनही शाबूत. दोघांमधलं बोलणं तेवढं तुटलं होतं. तिने पोरीच्या कपाळाला हात लावला, तर घाम. उकाड्याचा, की...? आजीने मुलाला फोन लावला.

कामावरच्या मुलाने पहिल्याच रिंगला उचलला.

“आई, किती दिवस ‘नंतर’ दाबतेयस तू?”

“तूच म्हणालास.”

“अगं, ते जाहिरातींचं सांगितलं होतं!”

“मग ‘जाहिरात’ म्हणायला जीभ झिजली असती का रे तुझी?”

“मला नंतर ओरड. आधी साखरेचं मीटर काढ, तिचं बोट टोच. मी फोनवर आहे.”

तिने नातीला हलवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पोरीने डोळे किलकिले केले, पण नजर आजीच्या पलीकडे कुठेतरी. आजीने तपासणीची पट्टी मीटरच्या फटीत खोचली. जन्मभर ती सुईला भ्यायली होती. टोचायचं काम पोरीचे आईबाप करत. तिने देवाचं नाव घेऊन डोळे मिटले. मग मिटून कसं चालेल, म्हणून उघडले.

बावन्न. सत्तरच्या बरीच खाली.

साखरेचं पाणी घोटाघोटाने पोरीच्या पोटात गेलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं तेव्हा पंच्याऐंशी. पलीकडे मुलाने सोडलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला.

“आता ते हिरवं ‘अपडेट’ दाब. ते होईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी टोचून बघत राहा. मी निघालोच.”

तिने दाबलं. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलाने सरकू लागली. ‘चाळीस मिनिटं शिल्लक.’

“परत टोचायचं?” नात आता चांगलीच ताळ्यावर आली होती. “सगळं मलाच का? डॉक्टरांनी तुलाही रक्त तपासायला सांगितलंय. कधीचं!”

“सांगितलंय खरं.”

“तू घाबरतेस.”

“हो गं बाई.”

“मग या वेळी आधी तुझं बोट. कबूल?”

आजीने पदराने तळहात पुसले. त्यांना पुन्हा घाम सुटला.

“कबूल.”

नात चित्रांच्या पुस्तकात डोकं खुपसून बसली. पाचेक मिनिटांत ती आपली अट विसरूनही गेली. फोन अजून आंधळाच होता. पंधरा मिनिटं झाली तशी आजी उठली, साबणाने हात धुतले, कोरडे केले, आणि आवाज न करता डबीतून दोन कोऱ्या सुया काढल्या.