बदामाच्या बागेतला नकार

"पुन्हा करू. समजा, मी पेमान," मोनीर म्हणाली. "काका, बाग काय सुंदर आहे हो!"

"तुझीच आहे, बाळा," नोसरत म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

मोनीर हसत सतरंजीवर आडवी झाली. तोंडातला कोवळा, हिरवा बदाम घशात अडकता अडकता राहिला.

"हसतेस काय? तोंडाला सवय आहे."

"मोडा मग. दुपारपर्यंत वेळ आहे तुम्हाला."

खुन्सार गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याला लागून ही बाग होती. दर शुक्रवारी दोघं नवरा-बायको किटली, रोटी, चीज आणि पुदिना घेऊन इथे येत. घरी नोसरतची म्हातारी आई होती, मुलगा-सून होते, नातवंडं होती, आणि एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत ऐकू जात असे. इथे दोघंच असत. नोसरत मोजे काढून ओढ्यात पाय सोडून बसे. मोनीर गाणं म्हणे. तिला गाता येतं हे सुनेला अजून ठाऊक नव्हतं.

आज पेमान, नोसरतच्या थोरल्या भावाचा मुलगा, मोजमाप घ्यायला येणार होता. त्याला इथे सुट्टीत राहायला घर बांधायचं होतं. ओढ्याकडची झाडं त्यासाठी काढावी लागणार होती.

चूक झाली ती गेल्या महिन्यात, पेमानच्या साखरपुड्याला. मंडळी बाग पाहायला आली. पेमानची होणारी बायको नस्तरन म्हणाली, "काका, इतकी सुंदर जागा मी कधी पाहिली नाही." नोसरत म्हणाला, "तुमचीच आहे, घेऊन टाका." आपल्यात कुणीही हेच म्हणेल. घड्याळाचं कौतुक केलं तरी माणूस ते मनगटावरून काढायला लागतो. समोरच्याने म्हणायचं असतं, "छे, तुमच्याकडेच शोभतं," आणि विषय तिथे संपतो. पण नस्तरन हॅम्बुर्गमध्ये वाढलेली. तिचे डोळे भरून आले. तिने सगळ्यांसमोर नोसरतला मिठी मारली. काय उत्तर द्यायचं ते पेमानला ठाऊक होतं. त्याने झाडांकडे पाहिलं आणि तो गप्प राहिला.

"मला एक सांगा," मोनीर उठून बसली. "जन्मभर विजेचे मीटर वाचलेत. दारोदारी लोक म्हणायचे, आत या, चहा घ्या. तेव्हा बरं तुम्हाला नाही म्हणता येत होतं!"

"ते 'नाही' वेगळं होतं. मी तसं म्हणेन अशी त्यांची अपेक्षाच असायची."

"आणि हे?"

"हे खरंखुरं 'नाही' आहे," नोसरत म्हणाला. "ते मी कधी म्हटलेलं नाही."

मोनीरने एक बदाम मीठ लावून त्याच्या तोंडात घातला. "मी म्हणू का त्याला?"

"नको. बोललो मी, तर मोडणारही मीच."

गाडीचा आवाज आला तेव्हा मोनीरने ताज्या चहाचे दोन पेले भरले. पेमानच्या हातात मोजायची फीत होती. नस्तरनने मोनीरला मिठी मारली आणि चप्पल काढून सरळ सतरंजीवर बसली. पेमान उभाच राहिला.

"काका, आधी तुमचं मन विचारतो हं," तो म्हणाला. "तुमची इच्छा नसेल तर आम्हाला काही नको. तुमचा आशीर्वाद पुरे आहे."

हेही नुसतं बोलायचं बोलणं होतं. यावर काकाने म्हणायचं, असं कसं, घ्यायलाच हवी.

नोसरतने घसा साफ केला. मोनीर ओढ्याकडे बघत राहिली.

"इच्छा नाही, पेमान," तो म्हणाला.

पेमान हसला. "काका, आता आपल्यात कसली औपचारिकता?"

"औपचारिकता त्या दिवशी होती. बाग मी देणार नाही."

पेमान मानेपर्यंत लाल झाला. "म्हणजे आम्ही मागायला आलो होतो, असं म्हणायचंय तुम्हाला? बाबांना काय सांगू मी?"

"सांग, नोसरतने शब्द फिरवला. खरं तेच सांग."

"काका," नस्तरनने विचारलं, "मग त्या दिवशी हो का म्हणालात?"

"नाही म्हणायची लाज वाटली, पोरी."

"आणि आज?"

"आज त्याहून जास्त वाटतेय."

तिने क्षणभर विचार केला. "बरं," ती म्हणाली. "मग बाग तुमची." दुकानात आवडलेला रुमाल महाग निघाल्यावर परत ठेवावा, तितक्या सहज ती बोलली. "आम्ही अधूनमधून बसायला आलो तर चालेल? आधी विचारून."

"शुक्रवार सोडून," मोनीर झटकन म्हणाली, आणि मग स्वतःच लाजली.

नस्तरन मोठ्याने हसली. पेमान हसला नाही. "चल," तो म्हणाला. तिने आपला चहा संपवला, मोनीरने दिलेले मूठभर बदाम ओढणीत बांधून घेतले आणि त्याच्या मागून गेली. त्याने निरोप घेतला, तोही रीतसर, वाकून, छातीवर हात ठेवून. पण नोसरतच्या डोळ्यांत न बघता.

गाडी वळणाआड गेली. नोसरत मटकन खाली बसला.

"दादा आता बोलणार नाहीत माझ्याशी."

"वर्षभर तरी नाही," मोनीर म्हणाली.

"वाईट झालं का गं?"

"झालं थोडं." ती त्याला टेकून बसली. "पण मला फार बरं वाटलं."

बऱ्याच वेळाने ती आवराआवर करू लागली. पेमानचा पेला काठोकाठ भरलेला तसाच होता. साखरेचा खडा कोरडा पडून होता. ती चहा गवतात ओतणार, तेवढ्यात "राहू दे, तो आता माझ्याच वाट्याचा," म्हणत नोसरतने तिच्या हातून पेला घेतला आणि तो गार चहा उभ्याउभ्या, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.